ऐकणाऱ्याची जागा कोरी

१

दोष काकांचा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे शेवटी ‘पोराचंच काहीतरी चुकलं असेल’ असं म्हणायची कोणाला सोय राहायला नको. कॉलेज अर्धवट सोडलेला मुलगा घरात असला की खापर फोडायला डोकं शोधावं लागत नाही. पण या प्रकरणात माझं डोकं वापरू देणार नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची कंपनी आहे. तिथं हाक-पेटी बनते, आणि कॉलेज सोडल्यावर तिचा प्रोग्रॅम मी लिहायचो. ज्यांना बोलता येत नाही, उठता येत नाही, अशा माणसांच्या पलंगाशी ही पेटी ठेवायची. माणसानं पलंगाच्या लोखंडी कठड्यावर सलग तीन ठोके मारले की पेटी ते ऐकते आणि दुसऱ्या खोलीत बेल वाजते. पेटीला दोन माइक असतात, एक उजव्या बाजूचा, एक डाव्या. मध्ये एक छोटा कॉम्प्युटर. ठोका कोणता आणि भांडं पडल्याचा आवाज कोणता, हे त्यातला प्रोग्रॅम ठरवतो.

पहिली पेटी आमच्या घरी लागली. बाबांना झटका आला तेव्हापासून त्यांची डावी बाजू मेलेली आहे, वाचाही गेली आहे. उजवा हात चांगला. त्या हातात अंगठी आहे, तिनं ते कठड्यावर ठोकतात. ठोकायचे, म्हणायला हवं.

“माझ्या सख्ख्या भावाच्या उशाशी हीच पेटी आहे,” असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. भावाला भेटायला मात्र सणासुदीसारखे कधीतरी उगवत, उभ्या उभ्या पेटीवरून हात फिरवत आणि “दादा, झकास ना?” म्हणून जात. बाबांकडून उत्तर यायची भीती नव्हतीच.

२

पेट्या मधूनच हाक चुकवायच्या. का, ते कळत नव्हतं. माइकनं ऐकलंच नाही, की ऐकलं पण प्रोग्रॅमला ते भांडं वाटलं, की प्रोग्रॅमनं सांगितलं आणि बेल ढिम्म राहिली? पेटी गिऱ्हाइकाच्या घरी, आम्ही इथं. बंद दाराबाहेर उभं राहून आतलं भांडण कशावरून झालं ते सांगण्यासारखं होतं.

म्हणून मी म्हटलं, ट्रेस घालू.

हे काय असतं ते सोपं आहे. कॉम्प्युटरच्या सगळ्यात तळाशी कर्नेल असतो. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर चालतात. आत काय काय घडतंय याची वेळेसकट नोंद ठेवायची सोय कर्नेलमध्ये आधीपासून असते, पण ती त्याच्या स्वतःच्या घडामोडींची. ‘ठोका’ म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत? तर आपल्या प्रोग्रॅमनं त्याला आधी सांगायचं: बाबा रे, माझी एक घटना आहे, नाव ‘ठोका’, तिच्याबरोबर दोन गोष्टी येतील, बाजू कोणती आणि जोर किती. कर्नेल ते लिहून घेतो. आणि बदल्यात प्रोग्रॅमच्या हातात एक बिट देतो. ही घटना कोणी ऐकत बसलं असेल तर बिट एक, कोणीच ऐकत नसेल तर शून्य. हे बिट कर्नेल स्वतः बदलतो. प्रोग्रॅमनं फक्त बघायचं. शून्य असेल तर उगाच बडबड करायची नाही, आपलं काम करत राहायचं.

कोणी ऐकत नसेल तर तोंड उघडायचं नाही. आमच्या घरात हा नियम लहानपणापासून मलाच होता.

“कर्नेलमध्ये हात घालणार?” काका म्हणाले. “इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष झेपलं नाही तुला.”

“झेपलं नाही म्हणून नाही सोडलं. कंटाळून सोडलं.”

“तेच ते. लाज वाटू नये म्हणून ठेवलेलं नाव.”

टेबलापलीकडे बसणारी टेस्टरताई फिसकन हसली. ती आमच्याकडची एकुलती एक टेस्टर, पेट्या तपासून बाहेर सोडणारी. काकांनी तिच्याकडे बघितल्यावर तिनं तोंडापुढे रुमाल धरला.

“घाल,” काका शेवटी म्हणाले. “पण मी बघितल्याशिवाय बाहेर जाणार नाही. शेवटचा हात माझा.”

तो शेवटचा हातच नडला.

३

मी घटना घातल्या. काकांनी माझा कोड घेतला आणि त्याची ‘सफाई’ केली. हा त्यांचा आवडता शब्द. माझ्या दहा ओळींच्या ते सहा करतात आणि मग दिवसभर छाती काढून फिरतात. ऑफिसात ताईनं पेट्या तपासल्या, सगळ्या पास झाल्या. नवा प्रोग्रॅम सगळ्या घरांत पोचला, आमच्याही.

आमच्या घरी सुधारणा लगेच दिसली. आई म्हणाली, “आता बेल कशी पटकन वाजते. पूर्वी बिचारे ठोकून ठोकून दमायचे.”

“बघा,” काका फोनवर म्हणाले, “सफाई केली की असं असतं, वहिनी.”

आई आणखी एक म्हणाली, पण ते तिनं मलाच सांगितलं. बाबा हल्ली दुपारी नुसतेच ठोकत बसतात. तीन नाही, कधी एक, कधी दोन. ती जाऊन बघते तर काही नको असतं. “चाळा लागलाय,” ती म्हणाली. “पण चेहरा बरा असतो रे. गप्पा मारून उठलेल्या माणसासारखा.”

मी म्हटलं, असेल.

४

बेल वाजत नसल्याचे फोन येऊ लागले होते, पण ते काकाच घ्यायचे आणि ‘बॅटरी बदला’ म्हणायचे. मग एका सकाळी ऑफिसात एक गिऱ्हाईक आलं. शाळेत शिकवणारे गृहस्थ होते, आवाज न चढवता बोलायची सवय असलेले. त्यांची आई पेटीवर होती. आदल्या दिवशी ती बराच वेळ ठोकत राहिली, बेल वाजलीच नाही, शेवटी स्वतः उठायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं.

“आजींनी हळू ठोकलं असेल,” काका म्हणाले. “वयाप्रमाणे जोर कमी होतो.”

“पेटीवरचा दिवा लागत होता, असं ती खुणेनं सांगते. प्रत्येक ठोक्याला.”

“दिव्याचं वेगळं असतं.”

 गृहस्थ पेटी टेबलावर ठेवून निघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ताईनं पेटी लावली, ट्रेस ऐकायला सुरुवात केली आणि टेबलावर तीन ठोके मारले. बेल वाजली. तिनं ऐकणं बंद केलं, पुन्हा तीन ठोके मारले. दिवा लागला. बेल गप्प. पुन्हा ऐकणं चालू केलं, बेल वाजली.

 मग मी काकांचा साफ केलेला कोड उघडला.

मी लिहिलं होतं: बिट बघ. एक असेल तर ‘ठोका’ची नोंद कर. ते संपलं. आणि मग, काहीही असो, तीन झाले असतील तर बेल वाजव. काकांनी ओळी वाचवायला बेल त्या ‘एक असेल तर’च्या आत ढकलली होती. म्हणजे कोणी ट्रेस ऐकत बसलं असेल तरच बेल वाजणार. ऑफिसात आम्ही कायम ऐकत बसलेले, म्हणून सगळ्या पेट्या पास. लोकांच्या घरी कोण ऐकणार? तिथं बिट शून्य. ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं त्यांचीच बेल बंद झाली होती.

५

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे तुझ्याच कोडमुळे झालं,” ते म्हणाले. “तू ट्रेस घातलाच नसतास तर मी बेल आत ढकललीच नसती.”

“काका, म्हातारीचं हाड मोडलंय.”

“मला शिकवू नकोस! आज दुरुस्ती पाठवतो सगळीकडे. आणि बाहेर कोणाला काही बोलायचं नाही. बॅटरीचा प्रश्न होता म्हणून सांगू.”

चाळीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

मी वळलो तेव्हा ताई जागेवरच उभी होती, ठोके मारायची पेन्सिल हातात धरून.

“एक विचारू? तुमच्या घरच्या पेटीतही हाच प्रोग्रॅम आहे ना?”

“हो.”

“मग तुमच्या घरी बेल कशी वाजते?”

“हा बसला असेल ऐकत,” काका म्हणाले. “चालू ठेवून विसरला असेल. नाहीतर दुसरं काय?”

मी तेच धरून घरी निघालो. विसरलो असेन. मला विसरायची सवय आहे, असं सगळेच म्हणतात.

६

बाबांची खोली घराच्या टोकाला आहे. चौथा मजला. पलंग डाव्या बाजूनं भिंतीला अगदी चिकटवलेला, म्हणजे मेलेली बाजू भिंतीकडे आणि चांगला हात खोलीकडे. भिंतीपलीकडे कोणी शेजारी नाही, नुसती हवा आहे. दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. पंखा चालू. औषधांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं, पायाशी घडी केलेलं ब्लँकेट. बाबांनी मला बघून डोळे मिचकावले. मी त्यांच्या पायाशी बसून लॅपटॉप पेटीला जोडला.

ऐकणं मी चालू ठेवलेलं नव्हतं. बाहेरून कोणी जोडलेलंही नव्हतं. बिट बघितलं.

एक.

कर्नेलकडे एक यादी असते, कोणती घटना कोण ऐकतंय याची. ऑफिसातल्या पेटीवर तिथं ट्रेसच्या साधनाचं नाव येतं. इथं ‘ठोका’पुढे ‘ऐकत आहे’ असा शेरा होता आणि नावाच्या जागी काहीच नव्हतं. मला आधी वाटलं पडदा अडकलाय. पुन्हा मागवलं. कोरंच.

मी पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. सुरू झाल्या झाल्या बिट शून्य होतं, असायलाच हवं.  जुनं काहीतरी उरलं असेल, गेलं. मग माझ्या डोळ्यांदेखत ते एक झालं. दार उघडून कोणी आत यावं आणि नेहमीच्या जागी बसावं, तेवढा वेळ मध्ये गेला होता.

हे बिट प्रोग्रॅम बदलत नाही, मी आधी सांगितलंय. कर्नेल बदलतो, आणि तो ऐकणारं कोणी असल्याशिवाय बदलत नाही. माणसं खोटं बोलतात, काका तर पोट भरण्यासाठी बोलतात. कर्नेलला त्यातून काय मिळणार?

मेमरी खराब असेल, मी स्वतःला सांगितलं. तपासली. चांगली निघाली.

बाबांनी कठड्यावर दोन ठोके मारले.

७

मग मीही ऐकायला बसलो. म्हणजे माझं ट्रेस चालू केलं. पडद्यावर एकेक ओळ येऊ लागली: ठोका, उजवी बाजू, जोर इतका. ठोका, उजवी बाजू.

मग: ठोका, डावी बाजू.

तो हळू होता. प्रतिध्वनी, मी म्हटलं. भिंत जवळ आहे. पण प्रतिध्वनी लगेच येतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हा थांबून आला होता, विचार करून बोलणाऱ्या माणसासारखा. आणि उजवीकडून दोन आले तर डावीकडून एक आला. मग उजवीकडून एक. डावीकडून तीन, सावकाश. बाबांच्या तोंडाची चांगली बाजू हसली.

मी पडद्यावरून मान वर केली आणि कानानं ऐकायचा प्रयत्न केला. पंख्याच्या आवाजात उजवीकडचे ठोके नीट ऐकू येत होते, धातूवर धातू. डावीकडचे जवळजवळ नाहीच. बोटानं, नखानं मारल्यासारखे. ऐकायचे असले तरच ऐकू येतात असं वाटावं इतके हळू.

“डावा हात हलतोय का तुमचा, बाबा?” मी विचारलं. मनात आलं, हलत असेल तर किती छान. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी येतो परत.

बाबांनी मान हलवली. नाही.

मी पलंग भिंतीपासून थोडा ओढला. उजव्या कठड्याचा रंग अंगठीनं खरवडून गेला आहे, खालचं लोखंड चकाकतं. ते सगळ्यांना माहीत होतं. डाव्या कठड्यावर, भिंतीच्या बाजूला, जिथं सफाईचा झाडूही पोचत नाही, तिथंही रंग गेलेला होता. आतून नाही. बाहेरून. भिंतीच्या अंगानं.

आई दारात येऊन उभी राहिली होती. “पलंग का सरकवतोयस? त्यांना आवडत नाही ते.”

“तुला कसं माहीत?”

“मी एकदा लादी पुसायला सरकवला तर रडायला लागले.” मग तिचा आवाज खाली आला. “राहू दे ना. बरे आहेत ते.”

“आई, तुला ऐकू येतं?”

“मी ऐकायला बसत नाही,” ती म्हणाली. “बेल वाजली की येते. तेवढंच होतं माझ्याच्यानं.”

ते खरं होतं. आम्ही सगळेच बेल वाजली की येत होतो. भांडं द्यायला, कूस बदलायला, पाणी पाजायला. त्यांच्याजवळ नुसतं ऐकत कोणीच बसलं नव्हतं. मी पलंग परत भिंतीला लावला.

८

मी खोलीतूनच काकांना फोन केला. “दुरुस्ती सगळीकडे पाठवा. फक्त बाबांची पेटी सोडा.”

“का?”

काय सांगणार होतो? “मला आणखी बघायचंय तिच्यात.”

“म्हणजे माझ्या भावाच्या उशाशी चुकीचा प्रोग्रॅम ठेवू? उद्या त्या मास्तरानं भानगड केली आणि कोणी येऊन बघितलं तर? एकाच घरात जुनी पेटी, तीही माझ्याच! सगळ्यांना एकच जाणार. आणि ते तुझं ट्रेसबिस मी मुळापासून काढलंय. कर्नेलच नवा टाकतोय. ऐकणंबिकणं बंद. पेटीनं बेल वाजवायची, बस.”

“काका, थोडं थांबा. मी ऑफिसात येऊन सांगतो.”

“पाठवलं पण. तू येईपर्यंत मी काय हात जोडून बसू?”

“ही एक पेटी थांबवा. पाया पडतो तुमच्या.”

आयुष्यात त्यांना मी हे पहिल्यांदा म्हणालो होतो. त्यांना बरं वाटलेलं फोनमधूनही कळलं.

“कॉलेज सोडताना असं ऐकलं असतंस तर,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पेटीची वायर उपटायला वाकलो, तोच तिचा दिवा गेला. नवा कर्नेल चढायला लागला होता. आता मध्ये वीज तोडली असती तर पेटी कायमची मेली असती, आणि बेलही. मी वायर सोडली. तेवढी अक्कल मला कॉलेज सोडल्यावरही आहे.

माझा पडदा थांबला. बाबांनी पेटीकडे बघितलं. मग ते ठोकायला लागले, एक नाही, दोन नाही, मोजता येणार नाहीत असे, घाईघाईनं, गाडी सुटताना माणूस खिडकीतून बोलतो तसे. मी “बाबा, बाबा, होईल चालू” म्हणत त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरला.  तो हळूहळू थांबला.

आणि ठोके थांबले नाहीत.

भिंतीच्या बाजूनं येत होते. आता हळू नव्हते. धातूवर धातू.

बाबांचा उजवा हात माझ्या हातांत घट्ट होता. माझ्या तळव्याला अंगठी लागायला हवी होती. लागली नाही.

मी तिकडे बघितलं. त्यांच्या डाव्या हातावर चादर होती. तिथं रोज दिसतो तो एका हाताचा उंचवटा मला पाठ आहे, मीच रोज तो हात उचलून पुसतो. आत्ता चादरीखाली दोन हातांइतका उंचवटा होता. एकावर एक, थोपटताना ठेवतात तसे. ऊन एव्हाना थेट त्यावर आलं होतं, सावलीचा प्रश्न नव्हता.

पेटीचा दिवा हिरवा झाला. बाहेर तपासणीची बेल एकदा वाजली. चादर खाली बसली, एका हाताइतकी.

बाबा छताकडे बघत होते.

९

पेट्या आता नीट चालतात. सगळ्या घरांत. मास्तरांच्या आईचं हाड जुळतंय. काकांनी त्यांना बॅटरीचंच सांगितलं, त्यांनी ते ऐकून घेतलं, विश्वास ठेवला असं नाही. मी काकांकडची नोकरी सोडली. ‘आणखी एक अर्धवट’ असं ते सगळ्यांना सांगत फिरतात.

माझा जुना, सफाईआधीचा प्रोग्रॅम मी घरच्या पेटीत परत घालून बघितला, जुन्या कर्नेलसकट, माझ्या घटनेसकट. बिट शून्य आहे. शून्यच राहतं. मी दुपारभर त्यांच्या पायाशी ऐकत बसतो, तेव्हा एक होतं. यादीत माझ्या साधनाचं नाव येतं. पडद्यावर एकही ओळ येत नाही.

अंगठी सापडली नाही. बाबांच्या उजव्या बोटावर तिच्या जागी पांढरा पट्टा आहे. ती घट्ट होती, काढायला दुसरा हात लागला असता. डाव्या हाताची मूठ त्या दुपारपासून मिटलेली आहे. डॉक्टर म्हणतात आखडली, जोर लावून उघडू नका. आम्ही उघडलेली नाही.

उजवा हात चांगला आहे. ते पेला धरतात, चादर ओढून घेतात, भिंतीवरून बोटं फिरवतात. कठड्याला हात लावत नाहीत.

बाबांनी त्यानंतर मला हाक मारलेली नाही.